हिरामण आबांची गाडी नेपाळला

"गाडी कोणाची?"

"सुभाष मास्तरांची, साहेब. मागून घेतलीय."

"आरसीवर नाव कोणाचं?"

एलियास गावितने मोटारसायकलच्या आरसीचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. नाव होतं हिरामण पाटील, राहणार धानोरा. मी कपाळावर हात मारला.

नंदुरबारच्या आरटीओ ऑफिसबाहेर माझं टेबल तेवीस वर्षं आहे. लायसन्स, पासिंग, गाडी नावावर करणं ही माझी कामं. बोर्डावर कन्सल्टंट लिहिलंय, लोक एजंट म्हणतात. नेपाळचं काम मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

एलियास खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरचा. नवापूरला एका पोल्ट्रीत सुपरवायझर. तिथे अठरा वर्षं त्याच्या जोडीला टेकराज नावाचा नेपाळी होता. दोघं शेडमागच्या एकाच खोलीत राहायचे. गेल्या वर्षी टेकराज गुडघ्यांनी थकून गावी परतला, आणि आता त्याच्या मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

"रेल्वेने जा ना बाबा," मी म्हणालो.

"अठरा वर्षं तो सांगायचा, गाडीवर ये, मी वळणावर उभा राहीन. मी हो म्हटलंय, साहेब." मग टेबलाकडे बघत म्हणाला, "तो गेल्यापासून खोलीत मी एकटाच जेवतो. घास उतरत नाही."

मी कागद काढला.

दोन फोन केल्यावर कळलं, नेपाळचं काम तसं अवघड नाही. आपल्या नंबरची गाडी असली की सीमेवर त्यांचं कस्टम ऑफिस, जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांची पावती फाडून देतं. तिला भन्सार म्हणतात. त्यासाठी आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स आणि मतदान कार्ड जवळ ठेवायचं. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाचं अधिकारपत्र लागतं, म्हणजे 'माझी गाडी याने न्यायला माझी हरकत नाही' असं नोटरी केलेलं पत्र. आणि मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो. गाडी कोणाच्या अंगणात उभी असते, ते कस्टमवाला विचारत नाही.

मी मास्तरांना फोन लावला. हे खांडबाऱ्याला शाळेत शिकवतात, बोलतात मात्र अहिराणीत.

"मन्हीच शे ती गाडी! सात वरीस व्हयनात."

"मग नावावर का नाही केली?"

"सीटखाले सह्या करेल फॉर्म शेतस ना! तुम्हनाच टेबलवरना शेतस!"

खरं होतं. आमच्याकडे ही पद्धतच आहे. गाडी विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करतो, एजंट ते फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, पिशवी सीटखाली जाते, आणि सगळे म्हणतात, "नंतर करू." गाडी पुढच्याला विकली की पिशवीही पुढच्याला. नाव पहिल्याचंच. ही पिशवी मीच भरून दिली होती. आता ते फॉर्म चूल पेटवायच्या कामाचे, कारण ओटीपी मूळ मालकाच्या मोबाइलवर येतो. शिवाय नाव बदलून कार्ड हातात येईपर्यंत तिकडे वरात निघून गेली असती.

"आनि काय हो," मास्तर हसले, "तुम्हनी स्कूटी तरी तुम्हना नाववर शे का?"

मी फोन ठेवून दिला. नव्हती. ती बायकोच्या नावावर आहे, आणि बायको जाऊन तीन वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी त्याच स्कूटीवरून धानोऱ्याला गेलो. चूक माझी होती, खेपही माझीच. वाटेत मनाची तयारी केली की म्हातारा शिव्या घालणार. विकलेल्या गाडीचं लचांड सात वर्षांनी दारात आलं तर कोण खूश होईल? त्याने नाही म्हटलं असतं तर एलियासचं जाणं तिथेच संपलं असतं.

हिरामण आबा ओट्यावर एकटेच बसले होते. बायको वारलेली, मुलगा सुरतला. घरातल्या दोन खोल्यांना कुलूप. मी सगळं सांगितलं, पिशवीचंसुद्धा. ते ऐकत राहिले. मग खिशातून मोबाइल काढला.

"ती गाडी ना? चालू शे. माले मेसेज येस ना तिना."

ई-चलानचे मेसेज! कॅमेऱ्याने गाडी पकडली की दंडाचा मेसेज आरसीवरच्या मालकाला जातो. आबा दरवेळी ओळखीच्यांकडून मास्तरांना निरोप पाठवायचे आणि मास्तर गुपचूप दंड भरायचे. मेसेज मात्र आबांनी एकही पुसला नव्हता.

"हाई देख, धुळे गयथी. हाई सुरत. मन्हा पोऱ्याना घरजवळनाच रस्ता शे हाऊ." फोटोत गाडीची पाठ आणि हेल्मेट नसलेलं डोकं. "दुसरं कोन करस माले मेसेज? बँकवाला, आनि हाई गाडी."

मला तोंड वर करून बघवेना. तेवीस वर्षांत शेकडो पिशव्या भरल्या. सीटखालचं नाव घरी बसून वाट बघत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"नेपाळले जाई ती?" आबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता धुतलेली टोपी घालून आले.

त्यांना मागे बसवून नंदुरबारला नोटरीकडे आणलं. पत्र दोनदा वाचून घेतलं त्यांनी. 'माझ्या मालकीची मोटारसायकल' इथे आले की मान हलवायचे. सही सावकाश, वळणदार केली. तिथे येऊन थांबलेला एलियास पाया पडला तर म्हणाले, "चांगली धुईसन लई जाय रे भो. लगीनघर शे."

एलियास लग्नाच्या आदल्या दिवशी पोचला. टेकराज वळणावर उभा होता म्हणे, काठी टेकून, सकाळपासून. परत आल्यावर एलियासने आबांसाठी भन्सारची पावती जपून आणली. तिच्यावर गाडीमालक म्हणून आबांचं नाव होतं.

ती घेऊन मी पुन्हा धानोऱ्याला गेलो, यावेळी मास्तरांच्या नावावर गाडी करायला. आबांनी पावती खूप वेळ धरली. "मन्हं नाव नेपाळ जाई उनं!" मग माझ्या हातातले कागद दिसले. "ऱ्हाऊ दे ना भो."

"आबा, उद्या अपघात झाला तर कोर्टात तुम्हाला उभं करतील. नाही चालणार."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. ओटीपी आला. चष्मा लावून एकेक आकडा वाचला, मी भरला.

"आते माले मेसेज येतीन का?"

"नाही, आबा."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि चहा ठेवायला आत गेले. मी चहा घेतला, निघालो.

तेव्हापासून मी कोऱ्या फॉर्मवर सह्या घेत नाही. टेबलावर पाटीच लावलीय: गाडी विकली की नाव त्याच आठवड्यात बदला, पुढचा ताप वाचतो. सल्ला चोख आहे. गेल्या महिन्यात स्कूटीच्या इन्शुरन्सचा मेसेज आला, बायकोच्या नावाने. मी हप्ता भरला. नाव अजून बदललेलं नाही.