एका नावापायी अडलेलं पुस्तक

गौतम गेल्याचा फोन आला तेव्हा जवळा बाजार गावातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात मी त्याच्याच पुस्तकाचं चौथं प्रकरण सातव्यांदा दुरुस्त करत होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. "लतीफभाऊ, हे गेले..." सुनंदावहिनी एवढंच बोलल्या. शिव्या अर्ध्यावरच राहिल्या.

गौतमनं उभी नोकरी पश्चिमेच्या सीमेवर, थरच्या वाळवंटात काढली. निवृत्त होऊन गावी आला आणि त्या मुलखाचा इतिहास-भूगोल लिहायला बसला. काळ्या जमिनीतल्या माणसानं वाळूवर काहून लिहावं, असं सगळेच विचारायचे. हा मात्र दर आठवडी बाजाराला नवी पानं घेऊन हजर. वाळूच्या टेकड्या वाऱ्यानं सरकतात, सरहद्दीचं तारेचं कुंपणसुद्धा गिळतात. पावसाचं पाणी नेमकं कुठं मुरलंय हे तिथल्या म्हाताऱ्यांना कळतं. फाळणीआधी शेजारच्या गावात दिलेल्या लेकी बसल्या जागी परक्या देशातल्या झाल्या... मला सगळं पाठ झालं होतं. पुस्तक काही संपत नव्हतं.

अडलं होतं एका नावापायी. तिथल्या एका वस्तीवर एक म्हातारी त्याला पाणी द्यायची. तिचं माहेर कुंपणापलीकडे. संध्याकाळी तिथले दिवे दिसायचे, पण जाता येत नव्हतं. "तुझ्या माहेराचं नाव लिहीन," असा शब्द हा देऊन बसला आणि नावच विसरला.

"'एक गाव' असं लिही अन् छाप," मी वैतागून म्हणायचो. "कुणाला कळणार हाय?"

"तिला."

"तिला मराठी वाचता येतं का?"

"न्हाई. म्हणून तर बराबर लिहावं लागंल."

अशा माणसाशी काय बोलायचं? डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावलं, वहिनींनी दोन दिवस अबोला धरला, तरी हा नाव विचारायला रेल्वेनं गेलाच. म्हातारी वारली होती. तिच्या मुलानं माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. गौतम ते घेऊन आला, आणि सोबत बावीस नवी पानं. माझं डोकंच फिरलं. "या पानांना मी हात लावणार न्हाई," म्हणालो. "बरं," म्हणाला, पानं टेबलावर ठेवली, माझ्या वाटणीचा चहा पिऊन गेला. त्यानंतर दहा दिवसांनी तो फोन...

जलदान विधी झाल्यावर वहिनी दुकानात आल्या. "आता छापून टाका, भाऊ." मग ती पानं उघडली. गावाचं नाव ठळक, सुवाच्य. पण पुढच्याच पानावर, म्हातारी माहेरी असताना जिथून पाणी आणायची त्या विहिरीच्या नावावर शाई पसरलेली. काही केल्या अक्षर लागेना.

"सोडा तेवढा एक शब्द," वहिनी म्हणाल्या.

समासात म्हातारीच्या मुलाचा नंबर होता, तो लावला. माझी बाजारातली हिंदी अन् त्याची बोली, जमता जमेना. गौतम गेल्याचं त्याला सांगितलं. मग मी विहिरीचं नाव विचारलं. "मावशीला ठाऊक असेल, थांबा," अशा अर्थाचं काही बोलून तो कुणाला तरी हाका मारत निघाला. वाळूतली त्याची पावलं ऐकू येत होती. काउंटरवर झेरॉक्सला आलेली माणसं खोळंबली होती. त्यांना हातानंच थांबायला सांगितलं आणि पेन उघडून, फोन कानाला लावून बसलो.