कॅलेंडरामागची ओल

आमच्या घराण्यात घर बघायला जायचं तर एक शिस्त आहे. स्तुती तमिळमध्ये करायची आणि दोष मराठीत काढायचे. तंजावरात आमच्या पिढ्यानुपिढ्या गेल्या. एरवी आमची दोन वाक्यं मराठीत झाली की तिसरं आपसूक तमिळकडे वळतं. पण चारचौघांत कुणाला कळू नये असं काही बोलायचं असलं, की आम्हाला आपली मराठी बरोबर आठवते. साडीच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरच्या खोलीबाहेर आम्ही अगदी शुद्ध मराठी माणसं असतो.

मला घर हवं होतं, आणि तेही जुन्या पेठेतलं. नवऱ्याच्या बँकेतल्या बदल्यांपायी माझा सगळा संसार भाड्याच्या घरांत झाला. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. आता निवृत्तीनंतर त्याच्या डोक्यात बायपासजवळचा फ्लॅट होता, कारण तिथे लिफ्ट होती. मला लिफ्ट नको होती, तिण्णै हवी होती. म्हणजे दाराबाहेर रस्त्याला लागून असलेला तो ओटा, जिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करता येते. बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं, की पेठेतलं एकच घर बघायचं. ते जमलं नाही तर मी तोंडातून अवाक्षर न काढता लिफ्टमध्ये चढायचं.

एकच डाव होता, म्हणून मी मावशीला बरोबर घेतलं. नात्यातल्या कुणीही घर घ्यायचं म्हटलं की आधी मावशीला नेतात. तिची तपासणी समोरच्याला कळत नाही, असा तिचा दावा आहे. दृष्ट लागू नये म्हणून ती उंबऱ्याच्या आत लिंबू ठेवते. खरं म्हणजे लिंबू कुठल्या बाजूला घरंगळतं ते बघून जमिनीचा उतार काढते. घसा सुकला म्हणून पाणी मागते आणि विहिरीचं पाणी मचूळ आहे की गोड ते ठरवते. गुडघे दुखतात म्हणून प्रत्येक खांबाला टेकते, आणि टेकता टेकता त्यावर बोटाने ठकठक करते.

घर लहानच होतं. अरुंद, आणि आत आत लांब जाणारं. पुढे तिण्णै, मग एक खोली, मग मध्ये आकाशाला उघडं असलेलं चौकोनी अंगण, त्याच्या चारी बाजूंना कौलांचा उतार, मागे स्वयंपाकघर, विहीर आणि एक नारळ. मालकीणबाई तमिळ, मावशीच्या वयाच्या. लेकाकडे राहायला जायचं म्हणून घर विकत होत्या. त्यांनी हसून आत बोलावलं, आणि सगळं घर मोकळेपणाने बघा म्हणाल्या. आम्ही त्यांच्या पाठोपाठ निघालो आणि कामाला लागलो.

लिंबू घरंगळत थेट मोरीकडे गेलं. "उतार नीट आहे," मावशी मला मराठीत म्हणाली, आणि लगेच मालकीणबाईंकडे वळून तमिळमध्ये, "काय सुंदर फरशी हो! आता अशी मिळत नाही." खांबावर ठकठक झाली. मला मराठीत, "हा पोकळ वाटतो गे." त्यांना तमिळमध्ये, "हे तर अस्सल सागवान!" मालकीणबाई मान डोलावत होत्या.

पहिल्या खोलीच्या भिंतीवर देवीचं मोठं कॅलेंडर होतं, आणि तेही गुडघ्याच्या जरा वर. देवीला इतक्या खाली कोण लावतं? मावशीच्या डोळ्यांत चमक आली. ती भक्तिभावाने वाकली, हात जोडले, कॅलेंडरावर कपाळ टेकवलं, आणि उठताना त्याचा खालचा कोपरा अलगद वर केला. "पाहा गे पाहा, एथें किती ओल जाहली आहे!" ती म्हणाली. "देवीस बसवून झांकली आहे." मी खाली बघून हसू दाबलं. मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, त्यांना खोकला आला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. घोटाळा नवऱ्याने केला. तो वाढला चेन्नईत, त्याची मराठी जेवणाच्या पानापुरती. त्याला मी वाटेत तीनदा शिस्त समजावली होती, तरी ऐन वेळी त्याने ती उलटी पकडली. मोरीपाशी उभं राहून तो खणखणीत तमिळमध्ये म्हणाला, "इथे वास येतो!" आणि मग माझ्या कानाशी येऊन, मोठं गुपित सांगावं तसं मराठीत पुटपुटला, "घर फार बरें आहे." मला त्याला तिथेच विहिरीत ढकलावंसं वाटलं. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, हो, येतो खरा, आणि कॉफी करायला आत गेल्या.

त्या वळताच विहिरीच्या काठावर आमची बैठक बसली. मी म्हटलं, मला हे घर हवं आहे, काहीही करा. मावशीने विचारलं, वर कुठवर जाऊ शकता? नवऱ्याने आकडा सांगितला. तो सांगताना त्याचा चेहरा पडला, पण लिफ्टचं नाव त्याने काढलं नाही, हे मी बघून ठेवलं. मावशी म्हणाली, तिथवर जायची वेळच येणार नाही.

कॉफी आली. आम्ही स्तुती केली. मालकीणबाई म्हणाल्या, आणखी थोडी करते, बसा तुम्ही, बोला. त्या स्वयंपाकघराच्या दारातच काहीतरी निवडत बसल्या आणि मावशीने मराठीत समारोप केला: "चौकटीस वाळवी आहे, मोरी तुंबली आहे, भिंतीस ओल आहे. घर सोन्यासारखें आहे, सोडायचें नाहीं. पण आतां तिघेंही तोंड वाकडें करून बसा. त्याविना भाव उतरायचा नाहीं."

आम्ही तिघांनी तोंडं वाकडी केली. नवऱ्याने तर इतकं केलं की त्याची दाढ दुखत असावी असं वाटलं. मालकीणबाई दुसऱ्या कॉफीचे पेले घेऊन आल्या, ते एकेक करून समोर ठेवले, आणि मावशीला मराठीत म्हणाल्या:

"तोंड वाकडें करूं नका, अक्का. कापी सांडेल."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मावशीने वाकडं केलेलं तोंड घाईघाईने सरळ केलं. "आणि वाळवी चौकटीस नाहीं," त्या पुढे म्हणाल्या. "माळ्यावर आहे. तेथें तुम्ही पाहिलेंच नाहीं."

आम्ही जिथे घर घ्यायला निघालो होतो ती अख्खी पेठ एकेकाळी आमच्याच लोकांची. एवढं साधं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मालकीणबाई नवी नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हा दोन्ही बाजूंना मराठी घरं होती. डावीकडच्या घरातली बाई त्यांची जिवाभावाची मैत्रीण. परसातल्या भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जायच्या आणि त्यांच्याबरोबर भाषाही आली. मग तिची मुलं बंगळूरला गेली, पाठोपाठ तीही गेली, आणि उजवीकडचं घरही बंद झालं. डावीकडच्या कौलांची पन्हळ कुणी साफ करेना. पाला साचला, पावसाचं पाणी भिंतीत उतरायला लागलं. ती ओल आली ती तेव्हापासून.

"तुम्ही बोललां कां नाहीं आधीं?" मावशीने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"बोललें असतें तर तुम्ही गप्प बसलां असतां," त्या म्हणाल्या. "किती वर्षें जाहलीं, एथें मराठींत कोणी भांडलें नाहीं. म्हणून तर कापी पुन्हा केली."

मला एकदम रडू यायला लागलं. मी पेला तोंडाला लावला.

मग त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं आणि तमिळमध्ये सांगायला लागल्या. त्याच आठवड्यात एक बिल्डर येऊन गेला होता, लेकाच्या ओळखीचा. दारातूनच सगळं छान छान म्हणाला, टेप लावून पुढची रुंदी मोजली, आणि सोबतच्या माणसाशी इंग्रजीत तीन मजल्यांचं बोलला. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. ज्याला पाडायचंच आहे त्याला मोरीचा वास कशाला येईल? "ह्यांना आला," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे राहणार." नवऱ्याने माझ्याकडे विजयाने पाहिलं, आणि ते वाक्य मला अजून ऐकवलं जातं.

मावशीने शेवटचा प्रयत्न केला. "मग भावाचें काय?"

"भाव तुम्ही विहिरीपाशीं सांगितलांत की," मालकीणबाई म्हणाल्या. "मला चालेल."

अशा रीतीने आम्ही घर घेतलं, तेही आमच्याच तोंडच्या आकड्याला. माळा साफ केला, चौकट रंगवली, मोरी फोडून नवी केली. बंगळूरला फोन करून परवानगी घेतली आणि शेजारची पन्हळही उपसून काढली. पण जुन्या चुन्याच्या भिंतीत मुरलेलं पाणी लवकर हटत नाही. आठ दिवसांत भिंतीच्या नव्या रंगाला पोपडे आले. तेव्हा मीही एक कॅलेंडर आणलं आणि गुडघ्याच्या जरा वर लावलं.

पोंगल झाल्यावर मालकीणबाई आल्या. लेकाचा फ्लॅट दूर आहे, बस बदलून यावं लागतं. त्या खोल्याखोल्यांतून फिरल्या, खांबावरून हात फिरवला, विहिरीत डोकावल्या, आणि मला तमिळमध्ये म्हणाल्या, "रोम्ब नल्ला इरुक्कु." फार छान आहे, फार छान आहे. मी खुशीने फुलून गेले.

जाताना त्या पहिल्या खोलीत थांबल्या. देवीपुढे वाकल्या, हात जोडले, कपाळ टेकवलं, आणि उठता उठता एका बोटाने कोपरा वर केला. मग भिंतीकडे बघून, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात मराठीत म्हणाल्या, "ओल तश्शीच आहे गे."

मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, त्यांना तिण्णैवर बसवलं, आणि आत जाऊन कॉफी पुन्हा टाकली.