मडक्यातली जांभळाची वाईन

जांभळाची वाईन मला फार आवडते, आणि ती समोर आली की मी आधी बाटली कुठवर भरली आहे ते बघते. ही खोड आईची. तिनं आयुष्यात कोणावर डोळे मिटून विश्वास ठेवला असेल तर तो फक्त देवावर, आणि तिथंही ती मेणबत्ती पूर्ण जळेपर्यंत उभी राहायची.

आम्ही समुद्रकाठच्या तारोडी गावचे ख्रिस्ती. बाबांची एक लहान होडी होती आणि थोडी भातशेती. बाबा पूर्वी प्यायचे. रोज नाही, पण प्यायले की होडी कुठे बांधली हेही त्यांना आठवायचं नाही. एकदा ती सुटून खडकावर आपटली आणि फुटली. त्यानंतर त्यांनी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाऊन पाद्रींसमोर शपथ घेतली, की यापुढे थेंबही घेणार नाही. तीन वर्षं झाली होती. गावाचा विश्वास बसला, आईचा बसला नाही.

त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. दिवस लढाईचे, साखर रेशनवर. तरी लग्नात घरचीच वाईन हवी, बाहेरची आणली तर पाहुणे नावं ठेवणार. आईनं साखर साठवून साठवून जांभळं भिजत घातली, एकवीस दिवस लाकडी डावानं ढवळली आणि फडक्यातून गाळली. पण तोवर आमची चिनी मातीची मोठी बरणी तडकली होती आणि नवी कुठंच मिळेना. घरातल्या सगळ्या जुन्या मडक्यांत कधी ना कधी खारवलेले मासे राहिलेले. नवऱ्या मुलाच्या माणसांना वाईनमध्ये बोंबलाचा वास आला तर? म्हणून आईनं कुंभाराकडून कोरं मडकं आणलं, त्यात वाईन भरली आणि कोपऱ्यात भाताच्या कोंड्यात रोवून ठेवली.

दुसऱ्या रविवारी देवळातून मिस्सा ऐकून आल्यावर आईनं मडक्यात बांबूची काडी बुडवली. वाईन दोन बोटं उतरली होती.

आईनं काडी पुसली आणि फक्त बाबांकडे पाहिलं. पुढच्या रविवारी आणखी दोन बोटं कमी. मग मात्र तिनं बाबांना आमच्यादेखत सांगितलं, "तू शपथ मोडलीस असं मला कळलं, तर लग्नाच्या दिशी पोरीला देवळात तुझा भाऊ घेऊन जाईल. तू न्हाय."

"घे, शोध," बाबा म्हणाले आणि जाळं शिवायला बसले.

शोधायचं काम माझ्यावर आलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची. संध्याकाळी रोजरीची प्रार्थना झाली की आम्ही मुलं एकेक करून आईबाबांच्या हाताचं चुंबन घ्यायचो आणि ते आम्हाला आशीर्वाद द्यायचे. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बापूसचा हात घेशील तवा जरा वास बघ." मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर जरा तोराही चढला. इतक्या भावंडांत आईनं मला निवडलं होतं!

चार दिवस हाताला मिठाचा आणि सुताचा वास येत होता. पाचव्या दिवशी जांभळाचा आला. स्पष्ट, आंबूस, गोड. मी आईला सांगितलं.

"मडकं कललं व्हतं," बाबा म्हणाले. "सरळ केलं."

"मडकं आपोआप कललं?" आई म्हणाली. बाबांनी जाळं पुढ्यात ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून रोजरी झाली की बाबा हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. धाकटी भावंडं गोंधळून आईकडे जायची. मी पुढे जायचे आणि तशीच मागे फिरायचे. आशीर्वाद मिळत नव्हता तो माझ्यामुळे, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही मनात यायचं, प्यायले असले तर? बहिणीला देवळात न्यायचा निरोप काकांना गेला. बहीण रात्रंदिवस रडत होती, तिला काकांचा हात धरून जायचं नव्हतं.

पावसाळा सरल्यावर, लग्नाला आठवडा राहिला असताना, बाटल्या भरायला आईनं आणि मी मडकं उचललं. खालचा कोंडा काळाजांभळा, गच्च भिजून खाली बसलेला. मुंग्यांची रीघ लागली होती. कोरं मडकं पाणी पाझरतं म्हणून तर आम्ही उन्हाळ्यात त्यात पाणी गार करतो. महिनोन्‌महिने, आधी जास्त आणि मग थेंब थेंब, ते वाईन पाझरत होतं आणि कोंडा ती पीत होता. खालचा कोंडा दबला म्हणूनच त्या दिवशी मडकं कललं होतं.

आईनं तो कोंडा सुपात भरला आणि बाबा जाळं शिवत बसले होते तिथं त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. माफी मागणं तिला जमायचं नाही. बाबांनी चिमूटभर कोंडा बोटांत चुरला.

"कोंबड्यांना घालू नको," ते म्हणाले. "त्यांच्या तोंडाचा वास कोन घेनार?"

काकांना पुन्हा निरोप गेला. बहिणीला देवळात बाबाच घेऊन गेले. मांडवात नवरानवरीच्या नावानं ग्लास उंचावले, सगळ्यांचे ओठ जांभळे झाले. बाबांनी ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. मी तो संपवला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला. गोड, शेवटी किंचित तुरट. तेवढी चांगली वाईन मी नंतर कधी प्यायले नाही.

तेवढ्यात आई वाईनचा जग घेऊन आमच्या बाकाशी आली. बाबांपुढं रिकामा ग्लास.  मी ताडकन उठले आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारचे वळून बघायला लागले, "आय, मी प्यायले! बाबा न्हाय प्यायले!"

"तुला इचारलं कोनी?" आई म्हणाली. तिनं तो ग्लास पुन्हा काठोकाठ भरला, बाबांच्या हातात दिला आणि पुढच्या बाकाकडे गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बाबा भरला ग्लास हातात धरून बसले आणि सगळ्यांसमोर रडले.