टाकीतला माणूस

तिचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि नाकावर चष्मा असल्यामुळे समोरच्याला तो मोठा होऊन दिसायचा. हे तिच्या नवऱ्याचं म्हणणं. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार सोडायची, काच धरून फिरवायची, फ्रेममध्ये बसते का बघायची, नाही बसली की पुन्हा चाकावर. पुढे काउंटरवर मालक गोड बोलायचा आणि मागे ही करवादायची. गिऱ्हाइकाने पायाखाली तुडवलेली फ्रेम आणून ‘आपोआप तुटली’ म्हटलं, की पडद्याआडून आवाज यायचा, “आपोआप फक्त केस पांढरे होतात!”

चर्चच्या मंडळीत सगळे तिला चष्मेबाई म्हणत. लग्नानंतर काही वर्षांनी, पोटातलं मूल गेलं त्या दिवसांत, दुकानातल्या एका बाईने तिला तिथे नेलं होतं. ती गेली ती तिथलीच झाली. बाप्तिस्मा घेतला, बायबल घासूनपुसून वाचलं, आणि उपदेशात पाळक एखादं वचन चुकले की खालून खाकरू लागली. नवरा मात्र आला नाही. तो नळाची कामं करायचा. “तू जा, मी सोडतो,” म्हणाला, आणि दर रविवारी तिला स्कूटरवरून सोडून दारासमोरच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसायचा. हिवाळा असो, उन्हाळा असो, कट्टा सुटला नाही. लोक येताजाता त्याला आत बोलवायचे. तो म्हणायचा, “आतलं काम निघालं की सांगा, येतो.”

आणि आतलं काम निघायचं. त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब नव्हेत, अख्खा माणूस पाण्यात बुडवायचा. त्यासाठी मंचाच्या फळ्यांखाली निळ्या फरशीची टाकी होती, छातीपर्यंत पाणी येईल एवढी खोल, आणि ती जन्मापासून गळकी. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी त्याला बोलावणं जायचं. तो चड्डीवर आत उतरायचा, पाणी सोडून गळती शोधायचा, आणि ती काठावर बसून त्याला वरून पाना, चिंधी, टेप देत राहायची. एकदा पाळक बघायला आले तेव्हा तो छातीइतक्या पाण्यातून ओरडला, “पाळकसाहेब, आलोच आहे आत, तर उरकून टाका!” सगळे हसले. पाळकही हसले. ती तेवढी हसली नाही, कारण तो थट्टेत बोलला की खरं, हे तिला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ओळखता आलं नव्हतं. घरी गेल्यावर विचारायचं ठरवलं, आणि घरी गेल्यावर भलत्याच गोष्टीवरून भांडण झालं.

तो गेला तो कामावरच, बाप्तिस्मा न घेताच. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, ओट्याखाली आडवा झालेला, हातात पाना.

तिच्या हट्टापायी त्याला मंडळीच्याच दफनभूमीत जागा मिळाली. पाळक अंत्यविधीला चार शब्द बोलले. कष्टाळू होता, हसतमुख होता, मंडळीच्या उपयोगी पडला. मग म्हणाले, “प्रभू न्यायी आहे. बाकी त्यालाच ठाऊक.” आणि माती लोटायची खूण केली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं ते बोलणं तिला वाटलं. तिने कबरीपाशीच त्यांची बाही धरून विचारलं, “तो कुठे आहे, तेवढं सांगा.” ते म्हणाले, “आपण यावर एकदा सावकाश बोलू.” ते सावकाश काही उगवलं नाही. उलट एका प्रार्थनेच्या बैठकीत सवयीने तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघालं, तर निवृत्त मुख्याध्यापकांनी, जे मंडळीतले वडीलधारे, डोळे मिटलेलेच ठेवून सांगितलं, “बाई, गेलेल्यांसाठी नाही.” मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात प्रार्थना करत नाहीत. श्वास थांबला की निकाल लागला, मग रदबदली नाही. हे तिलाही माहीत होतं. पाळकांनी नव्या सभासदांना हेच शिकवलं होतं, आणि तेव्हा तिने मान डोलावली होती. तेव्हा डोलवायला काय जात होतं!

आता वाचनमंडळाविषयी. दाराजवळच्या फलकावर पाळक वाचायच्या पुस्तकांची शिफारस लावायचे, आणि त्यातलं एकेक पुस्तक घेऊन गुरुवारी संध्याकाळी मागच्या खोलीत पाच-सहा जण बसायचे. जग सहा दिवसांत झालं की सहा युगांत, बाईने उपदेश करावा की करू नये, बायबलातला शब्द न् शब्द अचूक की आशय अचूक, असल्या प्रश्नांवर तिथे चहा थंड व्हायचा. भांडणं होऊ नयेत म्हणून पाळकांनी युक्ती काढली होती. बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जी बाजू येईल ती त्याने मांडायची, स्वतःला पटो न पटो. त्यामुळे कुणी कुणावर रागवत नसे. पाळक स्वतः चिठ्ठी काढत नसत. ते पंच. कोणत्या वादात त्यांचं मत काय, हे कुणालाच कधी कळलं नव्हतं, आणि याला लोक मनाचा मोठेपणा म्हणत. पूर्वी तीही म्हणायची.

नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि फलकावर नवं पुस्तक लागलं. नरकावरचं. तीन लेखक, तीन मतं. पहिला म्हणतो शिक्षा कायमची. दुसरा म्हणतो कायमची नाही, माणूस जळून संपतो, उरतच नाही. तिसरा म्हणतो देव शेवटी सगळ्यांना परत आणेल, अशी आशा धरायला जागा आहे. तिने पुस्तक दोनदा वाचलं. तिसऱ्याचं मत वाचताना तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, कारण शेवटी त्यानेही ‘असे म्हणता येईल’ असं लिहून कातडी बचावली होती.

गुरुवारी डबा फिरला. तिच्या चिठ्ठीवर निघालं, ‘कायमची शिक्षा’.

तिचा भाचा, बहिणीचा मुलगा, धर्मशास्त्राच्या महाविद्यालयातून नुकताच पदवी घेऊन आलेला, शेजारीच बसला होता. तो चिठ्ठी बघून म्हणाला, “मावशी, तुझी बाजू सोपी आहे. वचनं भरपूर सापडतील.”

त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याच्या मनात काहीच नव्हतं, आणि त्यानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठी बदलून घ्या, असं पाळक म्हणतील म्हणून तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. ते पुस्तकाची पानं उलटत होते.

“बरं,” ती उभी राहिली. “मांडते. माझा नवरा नरकात आहे. कायमचा. तुम्ही सगळे त्याला ओळखता, म्हणून उदाहरण सोपं पडेल. ज्याला पटत नसेल त्याने त्याला बाहेर काढून दाखवावं.”

“मावशी, असं वैयक्तिक नको ना,” भाचा पुटपुटला. “आपण तत्त्वाविषयी...”

“तत्त्वाला बायको नसते रे! तू ज्या टाकीत बुडालास ना, तिचं भोक त्याने बुजवलं होतं. नाहीतर कोरडाच राहिला असतास मेल्या. आता सांग, तुझ्या पुस्तकात तो कितव्या भागात बसतो?”

मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, शोक समजू शकतो. पण शास्त्र शोकाप्रमाणे बदलत नाही.”

“बदला असं म्हणत नाहीये मी. छातीवर हात ठेवून बोला, एवढंच म्हणते. तुम्ही म्हणा, तो जळतोय. माझ्या डोळ्यात बघून म्हणा.”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. तो तिनेच बसवलेला होता. ते काच पुसू लागले.

“नाही ना म्हणवत? मग कबरीपाशी तोंडात मिठाची गुळणी कशाला धरली होती सगळ्यांनी?” असं म्हणत तिने डबा उचलला आणि पाळकांपुढे आदळला. “काढा चिठ्ठी. आज पंच कुणी नाही.”

पाळकांनी डब्यात हात घातला नाही. पुस्तक मिटलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “तिन्ही वाचली, अजून कितीतरी वाचली. खरंच ठाऊक नाही.”

“ठाऊक तर मलाही नाही. त्याला पाळक कशाला लागतो?”

“पण मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो.”

मुख्याध्यापकांची मान झटक्यात वर झाली.

“गेल्यापासून,” पाळक म्हणाले. “रोज. मी तुम्हाला जे शिकवलं त्याच्याविरुद्ध. तो टाकीतून म्हणाला होता ना, उरकून टाका. मी हसलो. आत वाकून एक शब्द विचारायला हवा होता, खरंच म्हणतोस का. विचारलं नाही. लोक हसत होते, मीही हसलो.”

तिला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर आपण विरघळू. ती विरघळली नाही. तिला आणखीच संताप आला. इतके महिने ती उशीत तोंड खुपसून, चोरून, देवाला फसवत असल्यासारखं त्याचं नाव घेत होती, आणि दोन गल्ल्यांपलीकडे हा माणूस तेच करत होता. दोघांनी एकत्र केलं असतं तर!

“मग हे तेव्हा का नाही बोललात?”

“भ्यालो.”

“कुणाला? देवाला की यांना?”

पाळकांनी टेबलाभोवती एकदा पाहिलं.

“आता करा,” ती म्हणाली. “मोठ्याने. यांच्यासमोर.”

मुख्याध्यापक म्हणाले, “पाळकसाहेब, विचार करा. हे उद्या मंडळीभर होईल.”

“हो,” पाळक म्हणाले, आणि उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. “प्रभू, हा माणूस आमच्या टाकीत कितीदा उतरला. आम्ही त्याच्या हातून काम करून घेतलं आणि त्याला कट्ट्यावर बसवलं. त्याला तुझ्याजवळ घे. हे मागायचा मला हक्क आहे की नाही, माहीत नाही. तरी मागतो.”

ते थांबले. आता सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं असतं. तिने डोळे मिटलेच नव्हते, ती एकेकाचं तोंड बघत होती. मुख्याध्यापक चष्मा हातात धरून टेबलाकडे बघत होते. भाच्याचे ओठ हलले, पण त्याने आधी मुख्याध्यापकांकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. पाळक डोळे मिटून तसेच उभे होते.

“आमेन,” ती म्हणाली. टाकीच्या काठावरून, आत उतरलेल्या माणसाला पाणी पडत असतानाही ऐकू जावं, तेवढ्या मोठ्याने.