फ्लेक्सवरचा शेवटचा फोटो

आमच्या आडनावाच्या मंडळींचा मेळावा मनीषनगरच्या सभागृहात ठरला, आणि सत्काराचं काम माझ्याकडे आलं. हे आडनाव लावून नाव कमावलेली माणसं मी शोधून काढली. एक सर्जन, कळमेश्वरचे एक पहिलवान, एक निवृत्त कलेक्टर आणि सावनेरकडच्या कोळसा खाणीत इंजिनियर असलेली एक मुलगी. तिनं फोनवर एवढंच विचारलं होतं, "आईला आणू का? तिला पुढे बसून बघायचंय."

फ्लेक्स छापायला जाणार, त्या दुपारी अध्यक्ष आले. ते माझे चुलत दीर. शेवटच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "वहिनी, हे पोरगी आपल्यातलीच हाय ना?"

"आडनाव तेच आहे की, भाऊजी."

"आडनाव तं अर्ध्या विदर्भाचं हाय. फोन लावा, कुलदैवत विचारा. जात नका विचारू, बरं नाही दिसत."

शंका आता मलाही आली होती. मी फोन लावून विचारलं.

ती म्हणाली, "ताई, आम्ही बौद्ध. सरळच विचारायचं ना! बाकीच्यांनाही विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. एकाला लावलेला नियम सगळ्यांना लागतो, म्हणून मी एकेकाला फोन लावले. सर्जन चिडले. पहिलवान म्हणाले, "आडनाव मामाचं, मी दत्तक गेलेला." कलेक्टरांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही कोणत्या?"

फोन ठेवून मी भाऊजींकडे वळले. "आता तुमचं कुलदैवत सांगा."

"काहून? माह्यावरही शक?"

"सगळ्यांनाच विचारून राहिली आहे."

त्यांनी जे ठिकाण सांगितलं, तिथे आमच्या घरातलं कोणी कधीच गेलेलं नाही. आमचं ठिकाण मी सांगितलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. एकाच आजोबांची नातवंडं म्हणवतात भाऊजी आणि माझा नवरा. चहा येईपर्यंत आम्ही एकमेकांना न्याहाळत बसलो.

"द्या छापायले," शेवटी ते म्हणाले. "जशे हायेत तशे सगळे फोटो."

मी त्या मुलीला तसं कळवलं, आईला नक्की आणा म्हटलं. मेळाव्याच्या दिवशी पुढच्या रांगेत दोन खुर्च्यांवर माझी शाल टाकून ठेवली. ती आली, एकटीच.

"आई कुठे?"

"घरी आहे," ती सभागृहावर नजर फिरवत म्हणाली. "म्हटलं, आधी मी बघून येते."