न घासलेला डबा

"ताई, हे उठून नाई राह्यले."

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या बेतात होते. ती एवढंच बोलली आणि मला कळलं. मी खुर्चीवर बसले, पेन घेतलं आणि कोणाकोणाला कळवायचं त्यांची नावं लिहायला लागले. आमच्याकडे कोणीही गेलं की हे काम माझ्याकडे येतं. रडायचं नंतर बघू, असं स्वतःला सांगायचं... आणि ते नंतर काही येत नाही. दादाला जाऊन आता काही आठवडे झाले. मृत्यूचा दाखला, पेन्शन, बँक, भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं मशीन परत करणं, एकेक काम चंद्रपूर-गडचिरोली फेऱ्या मारत उरकलं. थकले आहे. शेवटी एकच काम उरलं होतं, नाण्यांचं.

माझा मोठा भाऊ प्रल्हाद नोकरीभर बसवर कंडक्टर होता. धानोरा, चिमूर, गडचांदूर, सगळे रस्ते त्याच्या पायाखालचे. तिकिटाच्या पैशांत एखादं चलनातून गेलेलं नाणं आलं की तो आपल्या खिशातले पैसे बॅगेत टाकायचा आणि ते नाणं ठेवून घ्यायचा. तिथून हा नाद लागला. पुढं गाडी थांबली की ड्रायव्हर चहाला जायचा आणि दादा बाजारात. राजुरा-गडचांदूरचा भाग पूर्वी निजामाच्या राज्यातला, त्यामुळं तिकडच्या जुन्या घरांतून निजामाची नाणी निघायची. त्यांचा एक वेगळा डबा होता. दादाचा जीव त्या डब्यात.

त्याचा नियम एकच : नाणं घासायचं नाही. माती असेल तर साध्या पाण्यात ठेवा, अलगद टिपा, बस्स. चंद्रपूरला युसूफभाईंच्या घड्याळाच्या दुकानात रविवारी नाणी जमवणारे दोघे-चौघे जमायचे, तिथं मी एकदा त्याला डबा पोचवायला गेले होते. एक निवृत्त इंजिनियर टूथपेस्टनं घासलेला चांदीचा रुपया मोठ्या हौसेनं दाखवत होते. दादानं तो कडेला धरून उजेडात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, तुमी याचं तोंड नाई धुतलं, सोलून काढलं. हा काळेपणा म्हणजे मळ नोहे. याचं वय आहे ते. अक्षरं पाहा, कोर गेली." साहेब ओशाळले. युसूफभाई काउंटरमागून म्हणाले, "कंडक्टरसाब, इस हिसाब से आप तो नहातेच नहीं होंगे!" दादा म्हणाला, "अजून नहातो. जुना झालो का सोडून देईन." दुकानभर हसणं.

घरी मात्र या नियमाचं हसू व्हायचं नाही. वहिनी घासण्यातली बाई. चिंच आणि राख घेऊन मागच्या नळावर बसली की पितळेत तोंड दिसावं. आणि त्याच घरात एक कपाट असं, की ज्याला तिनं हात लावायचा नाही. "हात नको लावू," हे दादाचं वाक्य मी इतकी वर्षं ऐकलं की ते मला त्या घराचा भाग वाटायला लागलं होतं. ती कपाट बाहेरून पुसायची. आतलं काय, ते तिला कधी कोणी दाखवलं नाही.

मग दादाची फुप्फुसं गेली. पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी सोबत होते. त्याला खाटेवर बसवलं, मशीन लावलं. वहिनी आतून कपडा झाकलेलं ताट घेऊन आली, लग्नातल्यासारखी लाजत. कपडा काढला. पूर्ण एक डबा नाणी, चिंच लावून घासलेली, लखलखीत. "तुमी नव्हते तर म्हटलं चमकवून ठेवावं. किती काळे पडले होते!" मी दादाकडे पाहिलं. तो नाण्यांकडे पाहत होता. मग एक रुपया उचलून म्हणाला, "वा! राजाचं नाक आज पहिल्यांदा दिसलं मले." वहिनी खळखळून हसली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

पुढच्या खेपेला गेले तर दोघं मागच्या नळावर. मध्ये चिंचेचा वाडगा, दोघांच्या हातात दातांचे जुने ब्रश. दादा स्टुलावर, नाकाला नळी, लांब वायर दारातून आत गेलेली. वहिनी चहाला उठली तशी मी त्याच्यावर तुटून पडले.

"दादा, काय करून राह्यला तू हे?"

"घासून राह्यलो."

"लोकायले इतकी वर्षं काय सांगितलं मग?"

"ते खरंच आहे. घासू नये." त्यानं दम घेतला. "पण आता बाजारात जाणं नाई होत, दुकानात नाई. दिवस काढाचा कसा? आणि तिले... बस तू. चिडू नको."

मी बसले, पण चिडलेलीच. असे डब्यांमागून डबे गेले.

दादा गेल्यावर युसूफभाई भेटायला आले, तेव्हा पायऱ्यांवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, निजामवाला डब्बा बचा है क्या? एका कॉलेजचे लोक त्यांच्या संग्रहात ठेवायला तयार आहेत. भाभीले हात लावू देऊ नका." मला तो डबा कुठं आहे तेही माहीत नव्हतं. कपाट उघडलं तर सगळं चमकत होतं आणि तो डबा नव्हता. घासला गेला असं धरूनच मी वहिनीसमोर बसले. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. तिच्या हातून काय झालं हे तिला कळू न देता विचारायचं होतं.

"वहिनी, एक डबा राह्यला होता न घासलेला..."

ती उठली. तांदळाच्या कोठीमागं हात घालून तिनं तो काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी झाकण उघडलं. नाणी काळीच होती.

"मले का समजत नाई, ताई? ताटावरचा कपडा काढला तवाच समजलं. बसमध्ये पाकीट मारल्यावर माणसाचं तोंड होते ना, तसं झालं होतं त्यायचं."

"मग पुढचे काऊन घासले?"

"बसून राह्यले होते ना ते बाजूले. आपणहून सांगत होते, हा कुठचा, तो कोणापासून घेतला. कधी सांगितलं होतं का मले?" तिनं पदरानं झाकणावरची धूळ पुसली. "हा डबा तेवढा मी मागं लपवला. दुसरा काढून द्याची. त्यायनं इचारलं नाई, मीनं सांगितलं नाई. देऊन टाका कॉलेजले. म्हणा, हात नका लावू."

मी डबा पिशवीत ठेवला. माझ्या यादीतलं शेवटचं काम झालं. निघायच्या आधी सवयीनं मागची बाजू आवरायला गेले. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, नळीचे तुकडे, फाटकी चप्पल, सगळं गोळा केलं. नळाजवळच्या ग्लासात दोन ब्रश होते. एकाचे केस चिंचेनं काळे पडून एका बाजूला झुकलेले, दादा जोर लावून घासायचा तसे. मी ते उचलले, धुतले... म्हणजे धुवायला नळ सोडला, आणि बंद केला. दोन्ही तसेच ग्लासात परत ठेवले.

आतून वहिनीनं विचारलं, "काय झालं, ताई?"

"काही नाई," मी म्हटलं. "चहा ठेव."