आधी संडास, मग पंख

चिमीला विमानाचे पंख बनवायचे होते. घरात तिला चिमीच म्हणत. इंजिनिअरिंगची पदवी हातात आल्यावरही त्यात फरक पडला नाही. लहान शहरांना जोडणारी, पन्नासेक माणसांची विमानं बनवणाऱ्या कारखान्यात तिला नोकरी लागली, तेव्हा वडिलांनी न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना गाठून सांगितलं, "आमची चिमी विमान बनवते."

पहिल्याच दिवशी चीफसाहेबांनी तिच्यासमोर एक ड्रॉइंग पसरलं आणि शेपटीजवळच्या छोट्याशा चौकोनावर बोट ठेवलं.

"पंख सगळ्यांनाच हवे असतात," ते म्हणाले. "तुम्ही संडास घ्या."

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "मग, कुठला भाग दिला?"

"मागचा."

"मागचा म्हणजे?"

"अगदी मागचा, बाबा."

आईच्या लगेच लक्षात आलं. ती खोकल्याचं निमित्त करून आत गेली.

चिमी आठवडाभर रुसली आणि मग कामाला भिडली. उंच माणसाचं डोकं आपटायला नको, जाड्या माणसाला वळता यायला हवं, विमान हिंदकळलं तर धरायला काहीतरी हवं, आणि हे सगळं कपाटाएवढ्या जागेत. तिने घरातल्या जमिनीवर खडूने चौकोन आखला आणि वडिलांना त्यात उठाबशा काढायला लावल्या. न्हाव्याला हे कळू द्यायचं नाही, एवढ्या एका अटीवर त्यांनी त्या काढल्या.

काम संपत आलं तेव्हा विक्रीच्या साहेबांनी नवीनच टूम काढली. "तासाभराचा तर प्रवास. संडास काढून टाका, सीटांची आणखी एक रांग बसते." चीफसाहेबही मान डोलावू लागले.

चिमीने वाद घातला नाही. सीट किती आरामशीर आहेत ते बसूनच बघा, असं म्हणून पुढची मीटिंग तिने विमानाच्या खऱ्या मापाच्या लाकडी नमुन्यात ठेवली. सगळ्यांना आग्रह करकरून चहा पाजला, वर सरबत दिलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने विक्रीच्या साहेबांनी पायावर पाय टाकला. मग दुसऱ्या पायावर पहिला टाकला. मग ते सारखे दाराकडे बघू लागले.

"मॅडम," शेवटी ते हळूच म्हणाले, "जरा खाली उतरता येईल का?"

"धावपट्टीवर धुकं आहे, साहेब. अजून थोड्या घिरट्या घालाव्या लागतील."

संडास राहिला. चीफसाहेब मात्र त्या दिवसापासून तिच्याकडे जरा जपूनच बघू लागले.

पुढे तिने दारं केली, विमानाच्या दारातूनच खाली उलगडणाऱ्या पायऱ्या केल्या. मधल्या काळात लग्न झालं; नवरा शाळेत गणित शिकवायचा. केस पिकायला लागले तेव्हा कुठे नव्या विमानाचा पंख तिच्या वाट्याला आला. आता चीफच्या खुर्चीत तीच होती, त्यामुळे तिला नाही म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

पंखाची एक शेवटची परीक्षा असते. तो जखडून ठेवायचा आणि मोडेपर्यंत वर वाकवत न्यायचा. चिमीने नवऱ्याला बघायला बोलावलं. पंख वाकत गेला, पार छताकडे तोंड करून उभा राहिला. हवा होता तेवढा भार त्याने पेलला, वर आणखीही पेलला आणि मग कानठळ्या बसवत मोडला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चिमी डोळे पुसत होती.

"अगं, पास झालीस ना?" नवरा म्हणाला. "मग रडतेस कशाला?"

"तुझ्या वर्गातल्या एखाद्या पोराला मोडून दाखवलं आणि पास म्हणून सांगितलं, तर तू काय करशील?"

 गणिताच्या मास्तरांनी खिशातला रुमाल काढून दिला.

विमान उडालं, विकलं गेलं, छोट्या छोट्या शहरांत जाऊ लागलं. निवृत्तीनंतर एकदा ती स्वतः त्यातून प्रवासाला निघाली. पंख दिसावा म्हणून मुद्दाम खिडकीजवळची जागा मागितली, पण तिथे आधीच एक गृहस्थ बसले होते. ढगांत शिरताच त्यांनी तिचा दंड धरला.

"मावशी, पंख हलतोय हो."

"हलू द्या. तो हलायलाच बनवलाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मीच बनवलाय."

गृहस्थांनी तिच्याकडे नीट बघितलं, मांडीवरच्या विणकामाकडे बघितलं, "बरं बरं," म्हणाले आणि खिडकीचा पडदा खाली ओढून घेतला. चिमीने बाकीचा प्रवास त्या पडद्याकडे बघत केला.